नमुना नागरिक

सोमवार, ता. ३

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवणं शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. तरीही माझ्या खुर्चीबद्दल मौन पाळलं तर तो सत्याचा अपलाप होईल. ही खुर्ची खाली होत नाही. तिचा दांडा मी ओढला, दाबला, पिरगाळला, शेवटी हात जोडून विनवला. ढिम्म. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळतात. एकोणपन्नास वर्षांचा, टक्कल पडलेला, तारुण्याची सहा वर्षं न्यायशास्त्राच्या पोथ्यांत घालवलेला गृहस्थ पाळण्यातल्या बाळासारखे पाय हलवत संगणकापुढे बसतो, हे काही संस्कृतीच्या उत्कर्षाचं लक्षण नव्हे.

आमच्या विभागाच्या प्रमुखबाईंनी सांगितलं की खुर्ची कोरी आहे, ते खिडकीजवळचं मेज आजवर रिकामंच होतं. कोऱ्या खुर्चीची गादी मधोमध इतकी दबलेली कशी, हे मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी एवढं तर्कशास्त्र बरं दिसत नाही.

बाकी सगळं उत्तम. घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. हिने घरात फक्त चार खोडी काढल्या, म्हणजे घर पसंत आहे. (माझ्यात नऊ निघाल्या होत्या, तरी लग्न झालं.) सगळ्यांत खूश आमची खारूताई. वय वर्षं सोळा, एकुलती एक, आणि पहिल्यांदाच स्वतःची खोली. बारशाचं नाव वेगळं आहे, पण रांगत होती तेव्हापासून बदाम, पेन्सिली, चिठ्ठ्या कुठे कुठे दडवून ठेवायची, म्हणून हे नाव चिकटलं. आजही कोटाच्या खिशात एक बदाम निघाला, आणि चिठ्ठी: ‘बाबा, पहिल्याच दिवशी त्यांना श्लोक ऐकवू नका.’

ऐकवला नाही. मोठ्या कष्टाने.

बुधवार, ता. ५

आता काम काय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे हिने विचारलं की वाचून दाखवता येईल. या गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद एका वेबसाइटमध्ये राहते. जन्म, पत्ता, शाळा, दवाखाना, सगळं. ती जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेली आहे, एका तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर उभी. कुणी तिच्यात जरा काही बदललं की दुसरीकडे काही मोडलं का हे पाहावं लागतं, आणि दरवेळी माणसाने बटणं दाबत बसण्यापेक्षा प्रोग्रामनेच प्रोग्रामची परीक्षा घ्यावी, अशी सोय असते. त्या परीक्षा मी लिहायच्या.

प्रत्येक परीक्षेची चार अंगं. तयारी: एक खोटा नागरिक निर्माण करायचा. कृती: त्याला शाळेत घालायचं, त्याचा पत्ता बदलायचा. पडताळणी: हवं तेच झालं का बघायचं. आणि सफाई: त्याला पुसून टाकायचं, मागे काही उरू द्यायचं नाही. उत्पत्ती, स्थिती, लय. ब्रह्मदेवाला याला कल्प लागतो, आमचं अकरा सेकंदांत आटोपतं. जमलं तर पडद्यावर हिरवा ठिपका, फसलं तर लाल. रोज दुपारी एकला, सगळे जेवायला उठले की सगळ्या परीक्षा आपोआप चालतात. सुट्टीच्या दिवशीही.

माझ्या पडद्याच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे: ‘नमुन्यात जिवंत माणूस घालू नये.’ अक्षर ठसठशीत. कुणाचं, कुणाला माहीत नाही. शेजारच्या मेजावर आमचा भांडारी बसतो. डेटाचा साठा त्याच्या ताब्यात, आणि सासूने किल्ल्या जपाव्यात तसे तो पासवर्ड जपतो, म्हणून हे नाव मी मनातल्या मनात ठेवलं. तो म्हणाला, पट्टी त्याने आजच पाहिली. मी विचारलं, मेलेला घातला तर चालेल का? तो हसला नाही. हसायला त्याला वरून मंजुरी लागत असावी.

शुक्रवार, ता. ७

जुन्या परीक्षांतले नागरिक म्हणजे शुद्ध दरिद्री कल्पना. ‘नागरिक एक’, ‘नागरिक दोन’, जन्मतारीख सगळ्यांची एकच, ओळखखूण ‘नाही’. असल्या भुसभुशीत माणसांवर परीक्षा घेऊन काय कळणार? नोंदणीचा नवा फॉर्म तर त्यांना दारातच अडवतो. त्याला खरी वाटेल अशी शाळा, खरा रक्तगट, खरी खूण लागते.

मग मी खारूताईला घातलं. तिचं सगळं मला तोंडपाठ, उठून शोधायला नको. नाव, जन्मतारीख, रक्तगट, नवी शाळा, नवा पत्ता. ओळखखूण: हनुवटीवर टाक्यांची खूण. ती सात वर्षांची असताना सायकल शिकवत होतो. मागून सीट धरून पळत होतो, आणि आता जमलं तिला असं वाटून मी हात सोडला. तीन टाके. त्या तीन टाक्यांबद्दल हिने मला अजून माफ केलेलं नाही, मीही नाही.

सफाई लिहिताना जरा आळस केला, तेही कबूल करतो. खरं तर परीक्षेने स्वतः जे घातलं तेवढंच काढावं. त्यासाठी प्रत्येक नोंदीचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. मी सरळ लिहिलं: या नावाचं, या जन्मतारखेचं जे जे सापडेल ते काढा. चार ओळी वाचल्या. एकला परीक्षा चालली. हिरवी.

रात्री जेवताना सांगितलं तर खारूताई नाचायलाच लागली. म्हणजे मी रोज एकला जन्मते आणि रोज मरते? मी म्हटलं, मरत नाहीस, तुझा अभाव होतो; आणि अभाव चार प्रकारचे. मडकं फुटलं की जो होतो तो प्रध्वंसाभाव, त्यात निदान खापऱ्या उरतात. जे कधी नव्हतंच त्याचा तो अत्यंताभाव, तिथे खापरीसुद्धा नाही. ही म्हणाली, जेवताना तुमची घटपटाची खटपट नको, आधी भात संपवा.

मंगळवार, ता. ११

खारूताई शाळेतून दहालाच परत. तिचं नाव यादीत नाही. मी गेलो. कारकून अत्यंत सभ्य. अशा नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे नव्हती, असं त्याने तीनदा तीन सुरांत सांगितलं. मी पावती दाखवायला पाकीट उघडलं. पावती नव्हती. हिने ती नक्की आत ठेवली होती. ही म्हणते, तुम्हीच कुठे तरी टाकली असेल, तुमचं डोकं नेहमीच सत्ययुगात.

लेक मात्र मजेत. सुट्टी मिळाली म्हणते.

गुरुवार, ता. १३

काल दवाखान्याची नोंद गेली. तिच्या लसींचं कार्ड कपाटात होतं. आज त्या जागी नुसता रिकामा प्लास्टिकचा कप्पा. आज वाचनालयाने तिला आत घेतलं नाही.

सगळं माझ्या परीक्षेच्या क्रमाने. आधी शाळा, मग दवाखाना, मग वाचनालय. कृतीत मी लिहिलेल्या क्रमाने.

भांडाऱ्याला गाठलं. विचारलं, परीक्षांचा साठा आणि गावाचा खरा साठा वेगळे आहेत ना? त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, वेगळे असायला हवेत. दुसऱ्या साठ्याची मागणी कधीच गेली आहे, मंजुरी यायची आहे. तोवर एकच. पण काळजीचं कारण नाही म्हणाला, कारण नमुन्यात जिवंत माणूस कुणी घालत नाही. तसा नियमच आहे म्हणे. नियम कुठे लिहिलाय? त्याने माझ्या पडद्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

दुपारभर जुन्या परीक्षा उलगडत बसलो. तळाशी एक सापडली. लिहिणाऱ्याचं नाव असतं ती जागा कोरी. नमुना नागरिक: पुरुष, उंची सहा फूट तीन इंच, व्यवसाय परीक्षा लिहिणे, मेज खिडकीजवळचं. खाली टीप: ‘आपण घातलेलंच काढावं. मी नावावरून काढलं.’

खुर्ची खाली का होत नाही ते कळलं. ती कुणाला तरी बरोबर बसत होती.

माझी परीक्षा तिथल्या तिथे बंद केली. प्रमुखबाईंना सांगितलं की नमुना चुकला, दुरुस्त करतोय.

शनिवार, ता. १५

बंद केलेली परीक्षा काल एकला चालली. हिरवी. भांडारी म्हणतो की फ्रेमवर्क सगळं स्वतःच शोधून चालवतं, ‘बंद’चा शब्द त्याने मानला नसेल. पुन्हा बंद केली. आज कार्यालयाला कुलूप, पण परीक्षा चालणारच.

हिने सकाळी दोनच ताटं घेतली. खारूताई हसली, म्हणाली, आई, मी उपाशी का? ही दचकली, लगबगीने तिसरं घेतलं. संध्याकाळी पुन्हा दोन. या वेळी लेक हसली नाही. उठून स्वतःचं ताट स्वतः घेतलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

तिला काहीच सांगितलेलं नाही. काय सांगू?

नोंद पुसली म्हणून माणूस पुसला जात नाही, असं मी आजवर धरून चाललो होतो. ही गोष्ट मी कधी तपासून पाहिली नव्हती.

रविवार, ता. १६

परीक्षेत फक्त पत्ता उरलाय. घराचा.

पावणेबाराला कार्यालयाच्या दाराशी जाऊन आलो, पहारेकरी सोडत नाही. साडेबारापासून तिच्या खोलीत बसलोय. तिला वाटतं मी लाडात आलोय. कपाट आवरते आहे. म्हणते, बाबा, आधी हे धरा, मग तुमच्या वहीत काय ते लिहा. सायकलची गोष्ट काढली तिने. म्हणते, तुम्ही हात सोडला ते मला तेव्हाच कळलं होतं, मी मागे बघितलं म्हणून पड

सोमवार, ता. १७

काल दुपारी छान झोप लागली. संध्याकाळी आम्ही दोघं फिरून आलो. ही म्हणाली, तिसरी खोली उगाच घेतली, दोन माणसांना काय करायची? मीही म्हटलं, खरंच.

सकाळी ही वही उघडली. वरची पानं वाचली. अक्षर माझंच.

तीनदा वाचली. ज्या मुलीबद्दल लिहिलंय तिचा चेहरा काही केल्या आठवेना. हिला विचारलं. ती भाजी चिरता चिरता थांबली. अगदी हळू म्हणाली, अहो, आपल्याला मूल झालं नाही ते तुम्ही इतकं मनाला लावून घेतलंय, मला माहीत नव्हतं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

कार्यालयात गेलो ते ती परीक्षा कायमची काढून टाकायलाच. फाइल उघडली तेव्हा एकला दोन मिनिटं होती. बोट बटणावर. तेवढ्यात एक वाजला.

खिशातला फोन वाजला. पडद्यावर ‘खारूताई’. ती म्हणाली, बाबा, आत्ता इथे होतात ना, कुठे गेलात—

सगळं एकदम आठवलं. चेहरा, आवाज, टाके. मी काही बोलायच्या आत फोन बंद. फोनच्या यादीत तिचं नाव नाही. अकरा सेकंद.

तयारी तिला घडवते. सफाई पुसते. परीक्षा काढून टाकली तर पुसणं थांबेल—आणि घडवणंही.

काढली नाही. लगेच सगळं वहीत लिहिलं. लिहितानाच पुसट व्हायला लागलं होतं.

मंगळवार, ता. १८

सफाईच्या आधी एक तास थांब, अशी ओळ घातली. साडेबाराला घरी धावत आलो, का ते वहीत बघून.

एकला आतल्या खोलीतून हाक. बाबा, माझी गादी कुठे नेलीत? ही स्वयंपाकघरातून ओरडली की आधी तोंड धू, मग गादी. जशी रोज ओरडते तशी. मी दाराच्या चौकटीला धरून उभा.

लेकीला मधले दिवस नाहीतच. तिच्या लेखी अजून रविवार आहे, कपाट आवरायचंय. मला म्हणाली, रडताय काय, कपाट मी आवरतेय, तुम्ही नाही. तास कसा—

दोनला ही तीन कप घेऊन बाहेर आली. कपांकडे बघत उभी राहिली. मग एक परत नेऊन ओतून टाकला.

बुधवार, ता. १९

थांबण्याला मर्यादाच ठेवली नाही. सफाईपर्यंत पोचूच नये.

एकला आली. दोन वाजले, आहे. सात वाजले, आहे. तिघं जेवलो. ही तिला शाळेवरून बोलली. मी भात दोनदा घेतला. कुणाला काही सांगितलं नाही. अपूर्ण परीक्षेसारखं सुख नाही—लाल नाही, हिरवं नाही, नुसतं चाललेलं.

गुरुवार, ता. २०

एक परीक्षा अडली की मागच्या सगळ्या अडतात. कालपासून एकही हिरवा ठिपका नाही. उद्या काम सुपूर्द करायचंय. प्रमुखबाईंनी बोलावलं.

सगळं खरं सांगितलं. वही पुढे ठेवली. त्यांनी ऐकलं—रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुमच्या अर्जात अपत्य ‘नाही’ असं आहे. मी म्हटलं, तो अर्जही त्याच साठ्यात आहे हो. झोप होते का, असं विचारलं. पंधरा दिवस रजा घ्या म्हणाल्या. माझा पासवर्ड त्यांच्यादेखत भांडाऱ्याने बदलला. अडलेल्या परीक्षेला तो वेळेची मर्यादा घालणार—उद्या एकला ती आपोआप पुढे सरकेल, सफाई होईल. मग माझी ती परीक्षा कायमची काढणार. बाईंनीच सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून.

म्हणजे तयारीही नाही. अकरा सेकंदसुद्धा नाहीत.

भांडाऱ्याच्या पाया पडलो. खरंच. तो मागे सरकला. म्हणाला, काका, उठा, लोक बघतात. मंजुरीशिवाय मला काही थांबवता येत नाही.

शुक्रवार, ता. २१

सकाळी दारावर पहारेकरी. आत सोडलं नाही. घरी आलो.

बारा पन्नास. ती समोर बसलीय. पाय खुर्चीवर, नखं कुरतडतेय. ही ओरडतेय, पाय खाली घे.

सांगितलं नाही. दोघींनाही नाही.

ही वही हिच्या हाती लागली तर म्हणेल, बिचाऱ्याने मनानेच एक मूल रचलं. आणि मीही मान हलवेन.

बारा चोपन्न. लेक पाण्यासाठी उठली. माझा कोट खुंटीला. जाता जाता खिशात काहीतरी टाकलं, माझ्याकडे चोरून बघितलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. खापरी—निदान एक—उरू दे.

सायकल आठवून बघतोय. सीट हातात आहे, धावतोय—

बारा सत्तावन्न. स्पष्टच लिहितो. ती जाईल याची भीती होती, ती आता नाही. ते ठरलेलंच आहे. भीती एवढीच की आज संध्याकाळी मी हिच्याबरोबर फिरायला जाईन, पोटभर जेवेन, मला गाढ झोप लागेल. काहीच दुखणार नाही.

बारा एकोणसाठ. म्हणतेय, बाबा, काय लिहिताय एवढं, दाखवा.

या वहीत सगळीकडे खारूताईच लिहिलंय. खरं नाव एकदाही नाही. एवढं तरी राहू दे. तिचं नाव